कुवेतचा पंचनामा

अख्ख्या लातूर जिल्ह्यात माझ्यासारखा पंचनामा लिहिणारा तलाठी नाही! गारपीट होवो नाहीतर भिंत पडो. दोन पंच उभे करायचे, अंगठे घ्यायचे, काम फत्ते! म्हणूनच बायकोच्या नोकरीचं काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं.

बायको, म्हणजे पंचशीला, कुवेतच्या दवाखान्यात सहा वर्षं नर्स होती. लातूर नवा जिल्हा झाला, विभागात नर्सची भरती निघाली, तिची निवडही झाली. पण परदेशातला अनुभव सरकारनं धरला तरच ती लातूरला इन्चार्ज सिस्टर. नाहीतर नवखी म्हणून थेट किनवटच्या जंगलात! म्हणजे मग ऐन दुष्काळात टँकरपुढं घागर घेऊन मी!

शेजारचे शेषेराव आणि लक्ष्मीबाई यांना भज्यांच्या बोलीवर पंच केलं आणि चाकूरहून एसटी धरली. वाटेत पंचशीला म्हणाली, "अहो, ऐका तरी, साहेबांनी परवाच..."

"तू गप बस गं! सरकारी काम आहे हे!"

लातूरला आरोग्य खात्याच्या वीरण्णा साहेबांचं ऑफिस इतकं नवं, की खुर्च्या अजून यायच्या होत्या. मी तिच्या कुवेतच्या नोकरीचा पंचनामा पुढं केला. साहेब वाचू लागले.

"कुवेतच्या दवाखान्याच्या पूर्वेस ओढा, दक्षिणेस गायरान?"

जागा म्हटली की चतुःसीमा लिहायची, हाताला सवयच ती!

"हे तुम्ही स्वतः पाहिलं?" साहेबांनी पंचांना विचारलं.

"हाव साहेब!" शेषेराव पुढं सरसावला. "रोज पाहून राहिलो की! वढ्याच्या पल्याड दवाखाना हाय."

"ओढ्याला पाणी आहे?"

"कशाचं पानी! औंदा तिथंबी लई दुष्काळ हाय!"

लक्ष्मीबाई कशाला मागं राहतील? "आमची पंचशीला सुई अशी टोचती साहेब, उंटालाबी कळत न्हाई!"

साहेबांनी चष्मा काढला, शेषेरावच्या हातावरचे घट्टे पाहिले. "रोज कुवेतला होता, मग रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठे कुणाचे?"

शेषेरावचा चेहरा खर्रकन उतरला. "मायबाप, म्या लातूरच्या पुढं कवाच गेलो न्हाई! ह्या तलाठ्यानं भजे चारतो म्हणून आणलं!"

झालं! मला माझं निलंबन दिसू लागलं. पण साहेबांना असं हसू फुटलं, की टेबल हलायला लागलं!

"अहो तलाठी, मी कुवेतला विचारणा केली, त्यांचं उत्तरही आलं. बाईंचा अनुभव परवाच मान्य झाला! आज त्यांना फक्त हजर व्हायला बोलावलंय. इन्चार्ज, लातूर!"

"वाटेत तेच तर सांगत होते!" पंचशीला म्हणाली. मला इतका आनंद झाला, की मी शेषेरावलाच मिठी मारली.

"आता एक सांगा," साहेब म्हणाले, "दुष्काळाचे पंचनामेही असेच लिहिलेत?"

मी तोंड उघडायच्या आत लक्ष्मीबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्याच वट्यावर बसून लिवले की!"

ही बातमी कलेक्टर कचेरीत पोचली. सगळी शिवारं पायी फिरून पंचनामे पुन्हा करा, असा हुकूम सुटला! दोन गावं कशीबशी झाली आणि मी ऊन लागून आडवा झालो. लोकांनी लातूरच्या दवाखान्यात नेलं. डोळे उघडले तर समोर इन्चार्ज सिस्टर!

"अगं, काळजी करू नकोस, इथल्या डॉक्टरांना मी स्वतः सांगतो, की..."

तिनं माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला. अजून काढलेला नाही. म्हणून तर हे सगळं तुम्हाला लिहून सांगावं लागतंय!