सगळ्यांचं तेच आमचं

ज्या देशात जनतेचं मत काय आहे हे आधीच ठरलेलं असतं, त्या देशात ते मोजण्याचं काम अत्यंत जबाबदारीचं मानलं जातं. जिथे लोक मनाला येईल ते बोलतात, तिथे मोजणी काय, शेंबडं पोरही करेल. खरी कसोटी लागते ती लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसले असताना. आमच्या बेरेझोगोर्स्क शहराने या बाबतीत जे नाव कमावलं, त्याचं सगळं श्रेय प्रादेशिक जनभावना मापन केंद्राचे संचालक वेनियामिन साव्विच पुझानोव यांना जातं. ते त्यांना जाहीरपणे देण्यात आलं, आणि तिथूनच सगळी पंचाईत झाली.

केंद्र दोन खोल्यांचं आहे, चपलांच्या एका बंद पडलेल्या परदेशी दुकानाच्या वर. (परदेशी लोक निघून गेले, मांडणीतले जोडे मागे राहिले. ते सगळे डाव्या पायाचे असल्यामुळे अजून तिथेच आहेत.) त्यातल्या एका खोलीत क्लारा इल्यीनिच्ना आणि तिच्या हाताखालच्या दोघी बायका नागरिकांना फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात: 'तिकडे जे चाललं आहे, त्याला तुमचा पाठिंबा आहे का?' 'तिकडे' हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा ठरला आहे. त्याच्या जागी जो छोटासा शब्द पूर्वी होता, तो उच्चारला की दंड होतो, आणि शब्द म्हणूनही तो काही फार गोड नव्हता. उत्तराला तीन पर्याय होते. पहिला, संपूर्ण पाठिंबा. दुसरा, जवळजवळ संपूर्ण पाठिंबा. तिसरा, पाठिंबा आहे पण आत्ता घाईत आहे.

एवढी उदार सोय असूनही सुरुवातीला लोकांनी केंद्राला फार छळलं. बरेच जण फोन आपटायचे. काही जण घरमालक बाहेर गेलाय म्हणून सांगायचे. एका गृहस्थाने तर स्वतःच्याच आवाजात स्वतःच्या निधनाची बातमी दिली. उरलेले मात्र एकमुखाने म्हणायचे, "सगळ्यांचं जे असेल तेच आमचं लिहा."

हे उत्तर आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे. रांग दिसली की आमचा माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि काय मिळतंय ते मग विचारतो. पण केंद्राच्या तक्त्यात या उत्तराला रकाना नव्हता. वेनियामिन साव्विचनी तीन ग्लास चहा पिऊन तोडगा काढला: सगळे म्हणजे बहुसंख्य, बहुसंख्यांचा पाठिंबा आहे, सबब हे उत्तर पहिल्या पर्यायात धरावं.

"पण बहुसंख्यांचा पाठिंबा आहे हे आपल्याला कळलं कसं?" क्लाराने विचारलं.

"पाहणीतून, क्लारा इल्यीनिच्ना."

क्लाराची उभी हयात मोजणीत गेली होती. तिने पुन्हा विचारलं नाही.

अशा रीतीने आकडा चौऱ्याऐंशी टक्क्यांवर स्थिरावला. मग नागरिकच उलटे फोन करू लागले. सगळ्यांचं मत सध्या काय आहे, आपलं त्याच्याशी जुळतं ना, एवढीच त्यांना काळजी असायची. केंद्र सांगायचं, चौऱ्याऐंशी. ते म्हणायचे, मग आमचंही चौऱ्याऐंशीच लिहा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका इंजिन-ड्रायव्हरने फक्त एवढं विचारलं, की आपल्यातला उरलेला सोळा टक्के भाग कुठून कापायचा. त्याचा फोन त्याच्या बायकोने काढून घेतला.

पुढे दिवस जरा ओढगस्तीचे आले. (अर्थखात्याचा शब्द 'संक्रमणाचे' असा आहे.) लोणी इतकं महागलं की दुकानदारांनी ते भोंगा लावलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत कुलूपबंद केलं. त्याच पेटीत पूर्वी माशाच्या अंड्यांचं महागडं कॅव्हियार असायचं. ते आता उघड्यावर असतं, कारण त्याच्याकडे बघतंय कोण! नऊ नंबरची बस बंद झाली, कारण ड्रायव्हर जास्त पगारावर तिकडे गेले आणि परत येणं त्यांना जमलं नाही. बँकेचं व्याज इतकं वाढलं की कर्ज मागायला आलेल्या माणसाला बँकवालेच खुर्चीवर बसवून पाणी देऊ लागले.

याच सुमारास क्लारा संचालकांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"उत्तर तेच येतंय, वेनियामिन साव्विच. पण आधी लगेच यायचं. आता मध्ये लोक थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"गप्प राहतात. मागे स्वयंपाकघरातला नळ सोडल्याचा आवाज येतो. मग म्हणतात, सगळ्यांचं तेच आमचं."

नळ का सोडतात, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला काही खरं बोलायचं असतं तो आधी नळ सोडतो, म्हणजे भिंतीला फक्त पाणी ऐकू जातं. वेनियामिन साव्विचनी कानाला यंत्र लावून दुपारभर नुसती ती शांतता ऐकली. माणसागणिक ती वेगळी होती, पण पाणी सगळीकडे सारखंच वाहत होतं. यंत्र काढून ठेवताना त्यांनी आधी दार लागलंय ना ते पाहिलं. माणूस मुळात वाईट नव्हता. वाईट असता तर इतका घाबरला नसता.

"गप्प बसण्याला आपल्याकडे रकाना नाही," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी आकडा एक्क्याण्णववर नेला.

ही वाढ मनमानी होती असं कोणी समजू नये. तिच्यामागे शास्त्र होतं. जनभावना महागाईच्या मागे पडली तर लोकांचा धीर खचतो, म्हणून ती नेहमी दोन पावलं पुढे असावी, असं वेनियामिन साव्विचनी सिद्ध केलं होतं. त्यांनी लोण्याच्या भावाचा आणि जनभावनेचा आलेख एकाच कागदावर काढला. दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून वर चढताना दिसल्या. यावरून महाग लोण्यामुळे देशप्रेम वाढतं हा निष्कर्ष निघाला. लोणी आणखी थोडं महाग करावं का, यावर प्रांताच्या कार्यालयात गंभीर चर्चा झाली. दुग्धालयाच्या व्यवस्थापकांना पदक मिळालं.

वेनियामिन साव्विचना तर राजधानीचा किताब मिळाला: 'जनभावनेत प्रथम'. समारंभ टीव्हीवर दाखवला. किताब घेणाऱ्याने काहीतरी शपथेवारी बोलायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. वेनियामिन साव्विच पुढ्यातला कागद सोडून बोलले, "मी आधी माझं स्वतःचं घर मोजलं आहे! माझ्या घरात शंभर टक्के! वेळ आली तर माझा मुलगाही मागे राहणार नाही!"

टाळ्या झाल्या. टाळ्यांसाठी बोललेलं वाक्य कोणी मनावर घेत नाही, यावरच आमचं सगळं सार्वजनिक जीवन उभं आहे. पण या वेळी कोणीतरी ते मनावर घेतलं.

त्याच आठवड्यात लष्करभरती कार्यालयाचे मेजर क्लिमुश्किन कार्नेशनची फुलं घेऊन पुझानोवांच्या घरी आले. वेनियामिन साव्विचच्या सासूबाई आग्निया तिखोनोव्हना यांनी फुलं हातात घेतली, मोजली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सहा आणलीत?" त्या म्हणाल्या. "मेजर, सम फुलं मयताला नेतात. तुमच्या आईने शिकवलं नाही का?"

"सातवं होतं हो आजी. गाडी बंद, म्हणून चालत आलो. वाटेत गळालं कुठेतरी."

आजींनी एक फूल काढून खिडकीबाहेर फेकलं आणि पाच पाण्यात ठेवली. मग मेजर कामाचं बोलले. प्रांताचा आकडा एक्क्याण्णव झाल्यामुळे राजधानीने स्वयंसेवकांचा कोटाही त्याच प्रमाणात वाढवला होता. एवढा उत्साही प्रांत, त्याला कमी जागा दिल्या तर रुसेल. अडचण एकच होती. पाहणी निनावी असल्यामुळे ते एक्क्याण्णव टक्के कुठे राहतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मेजरांनी दारोदार जाऊन पाहिलं. प्रत्येक जण म्हणाला, आम्ही नाही हो, ते सगळे वेगळे. साऱ्या प्रांतात नावगावासकट सापडलेलं एकच घर होतं.

"पण हे स्वेच्छेचं असतं ना?" वेनियामिन साव्विचची बायको रिम्मा म्हणाली. तिच्या हातातलं फडकं तिला पिळवेना.

"अगदी. आणि स्वेच्छा तर साऱ्या प्रांताने ऐकली. थेट प्रक्षेपणात."

मुलगा इग्नात सव्वीस वर्षांचा, शाळेत भूगोल शिकवणारा. (देशाची सीमा तो फळ्यावर खडूने काढायचा आणि तास संपला की स्वतःच्या हाताने पुसायचा, नकाशा छापणाऱ्यांनाही हाच सल्ला त्याने दिला होता.) तो भिंतीला टेकून बापाकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर वेनियामिन साव्विचना बरं वाटलं असतं.

दारापर्यंत पोचवताना त्यांनी मेजरांचा हात धरला. "काही करता येणार नाही का?"

"मी आकड्यावर चालतो, वेनियामिन साव्विच. तुमच्या घराचा शंभरचा आकडा वरून दुरुस्त होऊन आला, तर मला काय पडलंय? मलाही दोन मुलगे आहेत."

दार लागल्यावर घरात केंद्राच्या इतिहासातली पहिली खरी पाहणी झाली. सगळ्यांचे फोन सुपाच्या पातेल्यात ठेवून वर झाकण घातलं. नळ सोडला. वेनियामिन साव्विचनी सवयीने घसा खाकरला.

"आग्निया तिखोनोव्हना, तिकडे जे चाललं आहे त्याला तुमचा—"

"सगळ्यांचं तेच माझं."

"तसं नको. तुमचं स्वतःचं सांगा."

"माझं स्वतःचं?" त्या चिडल्या. "पंच्याहत्तर वर्षांत कोणी विचारलं नाही आणि आज जावई विचारतोय! टीव्ही बघते मी रोज, टाळ्याही वाजवते. पण टीव्हीतला माणूस तिथे आत असतो, आणि इग्नात इथे माझ्या हातचं जेवतो. नाही म्हणून लिही माझं. मोठ्या अक्षरात."

"रिम्मा?"

"आत्ता विचारतोस, वेन्या? इतकी वर्षं अख्ख्या गावाला विचारत होतास, आणि मी या इथे चुलीशी उभी होते." एवढं बोलून ती रडायला लागली. ते 'नाही' धरण्यात आलं.

"पर्याय वाचा ना, बाबा," इग्नात म्हणाला.

"या वेळी पर्याय नाहीत रे."

इग्नातने नळ आणखी मोठा सोडला. "मला भीती वाटते. असं लिहिता येतं का?"

"येतं. लिहितो."

"आणि तुझं काय, मोजणाऱ्या?" सासूबाईंनी विचारलं.

वेनियामिन साव्विचच्या ओठावर नेहमीचं वाक्य आलं होतं, पण त्या खोलीतले सगळे बोलून झाले होते. "नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की नळ बंद करून त्यांना पुन्हा म्हणायला लावावं लागलं.

निकाल शून्य टक्के. विचारलेल्या प्रत्येकाने उत्तर दिलेली ही आमच्या प्रांतातली एकमेव पाहणी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातून राजधानीला फोन लावला. तिथे आकडे घेणाऱ्या एवेलिना मार्कोव्हना यांच्याशी त्यांची फोनवरची जुनी ओळख होती. नववर्षाला एकमेकांना शुभेच्छा देण्याइतकी.

"दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "माझ्या घराचा आकडा चुकला. तो शून्य आहे. आणि प्रांताचाही एक्क्याण्णव नाही. खरा किती ते मला माहीत नाही, कारण आम्ही कधी विचारलंच नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. मग नळ सोडल्याचा आवाज आला.

"लाइन फार खराब आहे हो, वेनियामिन साव्विच."

"शून्य! शून्य म्हणतोय मी, एवेलिना मार्कोव्हना!"

"काही ऐकू येत नाहीये. मी एक्क्याण्णव आणि शंभरच धरते." मग हलक्या आवाजात, "माझाही एक आहे. चोवीसचा. तुम्ही असलं बोलाल आणि मी लिहून घेईन, तर त्याला कोण वाचवणार?"

त्यांनी फोन ठेवला. क्लारा इल्यीनिच्नाने सगळं ऐकलं होतं. तिने चहा आणून ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला, हे तिने आजवर कधी केलं नव्हतं.

मंगळवारी इग्नात निघाला. प्रवासाला निघायच्या आधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. घर अपुरं पडलं म्हणून शेजारी जिन्यात बसले. कोणी पायरीवर, कोणी उलट्या बादलीवर. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य ओसिप ल्वोविच तर इग्नातच्या बॅगेवरच बसले. प्रत्येकाने काहीतरी आणलं होतं: लोणच्याच्या बरण्या, लोकरी मोजे. एका म्हातारीने लोणी आणलं होतं. ते पाहून रिम्माला हुंदका आवरला नाही, कारण त्याची किंमत सगळ्यांना ठाऊक होती.

रीतीचा क्षण संपला, पण कोणी उठेना. जो पहिला उठेल तो इग्नातला पाठवेल, असं सगळ्यांना एकदम वाटलं. मेजर दाराशी होते, तेही एकटे, आणि त्यांची नजर जमिनीवर होती. त्या वेळी कोणी एक जरी 'नाही जायचा तो' म्हणाला असता, तर मेजर बहुधा बादली मागून तिच्यावर बसले असते. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी सगळे एकदमच उठले. आधी कोण उठलं हे आजही कोणाला सांगता येत नाही.

महिन्याभराने वेनियामिन साव्विचनी नवा प्रश्न तयार केला आणि त्या जिन्यातल्या प्रत्येक घरी फोन करवला. प्रश्न असा: 'एका शहरात एका घरातला मुलगा इच्छेविरुद्ध नेला जात असताना सगळे शेजारी गप्प बसून राहिले. तिथे तुम्ही असता, तर बोलला असता का?'

या वेळी कोणीही थांबलं नाही. कोणी नळ सोडला नाही. शंभर टक्के लोकांनी तत्काळ सांगितलं, बोललो असतो. "कसली माणसं ती!" ओसिप ल्वोविच तर संतापाने ओरडले. "आमच्याकडे असं घडूच शकत नाही."

वाचकांना केंद्रातून फोन आलेला नाही, याबद्दल वेनियामिन साव्विच दिलगीर आहेत. तुमचं उत्तर क्लारा इल्यीनिच्नाने न विचारताच त्या शंभर टक्क्यांत धरलं आहे. चुकलं असेल तर जरूर कळवा. केंद्राचा फोन दिवसभर चालू असतो, आणि चूक कळवायला तो अजून एकदाही वाजलेला नाही.