न्हाणीघरामागची शीळ

हेडक्लार्कने त्या सकाळी दाढी अर्धवट सोडून शीळ कोण घालतं ते बघायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

शीळ रोज उजाडताना न्हाणीघराच्या मागून यायची. निवांत, लांबलचक, रिकामटेकड्या माणसाची. (असल्या माणसाची रजा त्याने जन्मात मंजूर केली नसती.) ती ऐकू आली रे आली की बायको हातातलं काम टाकून खिडकीशी जायची आणि गालातल्या गालात हसायची. आपल्यासाठी तिने काम कधी टाकलं होतं, हे त्याला काही केल्या आठवेना.

"कोण आहे तो?"

"शीळकरी कस्तूर. पक्षी आहे हो! काळानिळा. खांदे काय चमकतात त्याचे!"

म्हणजे प्रकरण खांद्यांपर्यंत गेलं होतं तर!

हेडक्लार्क नुसत्या नावाला भुलत नाही, आधी पत्ता तपासतो. ऑफिसात त्याने फायली बाजूला सारून पक्ष्यांचं पुस्तक पालथं घातलं. संध्याकाळी बूट न काढताच विचारलं, "तुझा कस्तूर झऱ्याकाठी राहतो. शेवाळ, ओल, कपार लागते त्याला. आपल्याकडे झरा आहे?"

बायको एकदम गप्प झाली. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

तो तडक मागच्या इमारतीतल्या चष्मेवाल्याकडे गेला.

"सकाळी शीळ कोण घालतं?"

"म्हणजे तुम्ही नाही?" चष्मेवाला कवळी सावरत म्हणाला. "माझी बायको तुमच्यावर नजर ठेवून आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो स्टुलावर चढला आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून डोकावला. बाहेर फुटलेल्या पाइपातून पाणी झुळझुळत होतं. भिंत शेवाळाने हिरवीगार झाली होती. निखळलेल्या विटेच्या खोबणीत घरटं होतं आणि पाइपावर बसून चमकत्या खांद्यांचे गृहस्थ शीळ घालत होते.

त्याचा जीव भांड्यात पडला. "अगं, मग काल गप्प का बसलीस?"

"पाइपाच्या दुरुस्तीचं नाव काढलं की तुम्हाला टोचतं."

"चुकलो. मी भलताच संशय घेतला. तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?"

"पूर्ण आहे," तिने त्याचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले. "म्हणून तर त्याला घरटं बांधू दिलं. म्हटलं, पिल्लांना नातवंडं झाली तरी हे काही त्या पाइपाला हात लावायचे नाहीत."