भोईरांनी समोरून पाहिलेली पहाट

माझ्या लग्नात, अक्षता वाटून झाल्यावर, काशिनाथ भोईर उठले आणि मांडवातली गॅसबत्ती उचलून तीन हात मागे नेऊन ठेवली. भटजी मंगलाष्टक म्हणायचे थांबले. माझे सासरे धावत आले. भोईर त्यांना शांतपणे म्हणाले, "तुमच्या मुलीच्या ओठावर सावली पडत होती. मिशी असल्यासारखी दिसत होती. आता बघा."

पुढे कितीतरी वर्षं सासरे मला विचारत, "तो माणूस तुमचा नक्की कोण लागतो?"

लागत कोणीच नव्हते. कल्याणात आमचं एक हौशी नाट्यमंडळ होतं. मी त्याचा सेक्रेटरी आणि भोईर आमचे दिवेवाले. त्यांचे वडील आणि आजोबा खाडीकाठच्या मिठागरांवर राबले होते. घराण्यात विजेच्या तारेला हात लावणारे हे पहिलेच. एका कारखान्यात वायरमन होते आणि सुट्टी मिळेल तेव्हा आमच्याकडे. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. नाकाखाली बघत. तिथली सावली कुठे पडते यावरून माणूस जोखत. मला एकदा म्हणाले, "सेक्रेटरी, खिडकीला पाठ करून बसू नका. लबाड दिसता." त्या वेळी मला हसू आलं होतं.

दिवे हळूहळू मंद करायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांना बघायलाही मिळत नसे. भोईरांनी ते लोणच्याच्या दोन बरण्यांत केलं होतं. बरणीत मिठाचं पाणी, त्यात तांब्याचे दोन पत्रे, एक तळाशी आणि एक दोरीला टांगलेला. दोरी सैल सोडली की वरचा पत्रा खाली जाई आणि स्टेजवर उजेड वाढे. ओढली की काळोख. पाणी तापायचं, फसफसायचं, विंगेत वाफेचा खारट वास भरायचा. वाण्याकडचं मीठ त्यांना चालत नसे. "त्यात माती असते, दिवा थरथरतो," म्हणत आणि मीठ चुलत्याच्या मिठागरातून आणत. त्या बरण्यांपायी त्यांच्या घरी दोन वर्षं लोणचं पडलं नव्हतं.

त्यांची जीभ फार वाईट. तालमीला आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी काळोख नीट करा." मग दारं लावा, फटींना गोणपाट लावा, चहावाल्याची शेगडी बाहेर न्या. आमचे नायक वकील होते, त्यांनी एकदा तक्रार केली की माझ्या तोंडावर उजेड कमी पडतो. भोईर म्हणाले, "मुद्दाम कमी ठेवलाय. लोकांना नाटक आवडावं असं वाटतं ना तुम्हाला?" वकील महिनाभर तालमीला आले नाहीत.

अशा माणसाचं नाव जाहिरातीच्या पत्रकावर कोण छापणार? पेटीवाल्याचं नाव असे, पडदे देणाऱ्या दुकानाचं असे. भोईरांचं नसे. ते आपणहून काही बोलले नाहीत, म्हणून मीही तो विषय कधी काढला नाही.

मग ठाण्याहून पत्र आलं. एका शाळेच्या सभागृहात रंगमंचावरच्या प्रकाशयोजनेचं तीन दिवसांचं शिबिर भरणार होतं. विलायतेत शिकून आलेले एक तज्ज्ञ शिकवणार होते, नवीन यंत्र दाखवणार होते. आमच्या मंडळींनी ठरवलं की भोईर आणि सेक्रेटरी यांनी जावं, आणि शिबिर कितपत कामाचं आहे याचा अहवाल सेक्रेटरींनी द्यावा.

"मला कोण काय शिकवणार?" भोईर म्हणाले. "तीन दिवसांची रजा फुकट घालवू? मी नाय येत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्या घरी आले. "येतो. घरातनं सांगितलंय."

"वहिनींनी?"

"ती म्हणते, मोठा माणूस हाय, तुमचं काम त्याला तरी समजंल." मग लगेच तोंड वाकडं करून म्हणाले, "तिला काय कळतंय."

शिबिराला ते स्वतःच्या लग्नातला काळा कोट घालून आले. सभागृहात पन्नासेक माणसं होती, बहुतेक मुंबईची, आपसात इंग्रजी बोलणारी. मी त्यांच्यातल्या दोघातिघांशी ओळख काढली आणि त्यांच्या रांगेत जाऊन बसलो. भोईर मागे, दाराजवळ.

पहिल्या दिवशी तज्ज्ञांनी पडद्यावर चित्रं दाखवली. विलायतेतली नाट्यगृहं, दिव्यांच्या रांगा, खटक्यांची फळी. मधेच एक चित्र आलं, लांबट मातीची भांडी, वर दोऱ्या. "हे मिठाचं पाणी," तज्ज्ञ म्हणाले. "आपल्याकडे अजूनही काही महाभाग हे वापरतात. नाटकही करतात आणि बहुधा लोणचंही घालतात."

सभागृह हसलं. मीही हसलो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होते, तेव्हा जरा जास्तच हसलो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. चहाच्या सुट्टीत भोईर बाहेर झाडाखाली एकटे उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "भांडी चुकीची दाखवली. तोंड अरुंद पाहिजे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदाच हात वर केला. पहाट व्हायला किती वेळ द्यावा, असं विचारलं. तज्ज्ञ घड्याळ बघत म्हणाले, प्रश्न लेखी द्या. भोईरांनी कागदावर लिहून दिला. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते यंत्र लावलं. मला वाटलं होतं, भोईर म्हणतात तसा दिवा थरथरेल, काहीतरी बिघडेल आणि त्यांचं समाधान होईल. काही बिघडलं नाही. सभागृहात काळोख झाला, अगदी भोईरांना हवा असायचा तसा. मग स्टेजच्या मागच्या पडद्यावर तळाशी करडी रेघ उमटली. ती कधी तांबूस झाली आणि कधी वर चढली ते कळलं नाही. एक रिकामी खुर्ची होती, तिला हळूहळू पाय फुटले, पाठ फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे पाहिलं. भोईर उभे होते आणि त्यांचे हात समोर धरलेले होते, दोरी सोडतात तसे.

परतताना ठाणे स्टेशनच्या बाकावर बसलो असताना मी विचारलं, "काय भोईर, आलो ते कामाचं झालं का?"

त्यांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी पहाट करतोय, सेक्रेटरी. पण मी कायम विंगेत, बरण्यांपाशी. समोरनं कशी दिसते ते आज पहिल्यांदा बघितलं." कोट काढून मांडीवर घेत म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली व्हती."

असं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते मला सांगितलं, कारण बाकावर दुसरं कोणी नव्हतं.

चार दिवसांनी मी अहवाल लिहिला. शिबिर अत्यंत उपयुक्त. आपली पद्धत कालबाह्य व धोकादायक. आणि मुद्द्याला वजन यावं म्हणून पुढे लिहिलं, "श्री. भोईर यांनी स्वतःच मान्य केले की नवीन पद्धत त्यांच्यापेक्षा सरस आहे." मला ते वाक्य छान जमलं असं वाटलं होतं.

सभेत ते मोठ्यानं वाचलं गेलं. वकीलसाहेब म्हणाले, "आता प्रश्नच मिटला." तज्ज्ञांच्या एका विद्यार्थ्याला बोलवायचं ठरलं. भोईर कोपऱ्यात बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, आपलं काही म्हणणं?

"नाय. सेक्रेटरींनी बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. माझ्याकडे, पहिल्यांदाच, सरळ डोळ्यांत बघून म्हणाले. मग बरण्या गोणपाटात गुंडाळल्या आणि गेले.

महिन्याभरानं शिबिराचं प्रशस्तिपत्रक मंडळाच्या पत्त्यावर आलं. रविवारी सकाळी मी ते घेऊन विठ्ठलवाडीच्या बाजूला त्यांच्या घरी गेलो. भोईर अंगणात खाटेच्या सुंभाला ताण देत होते. त्यांच्या बायकोनं, जानकीवहिनींनी, मला ओसरीवर बसवलं. माझ्या हातातला कागद बघून त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊ, तुम्ही व्हता ना तिथं? साहेबांनी ह्यांना पुढं बोलावलं ते बघितलंत?"

मी भोईरांकडे पाहिलं. ते सुंभ ओढत होते, मान खाली.

"ह्यांनीच सांगितलं मला. साहेब बोलला, भोईर, तुम्ही हिकडं माझ्याजवळ बसा. बरण्यांचं सगळं विचारून घेतलं म्हणं. मी सांगतच व्हते जावा म्हणून. मंडळातलं काम आता सोडलंय, दुसऱ्यांना करू दे म्हणतात. पन भाऊ, जायच्या आधी कुनीतरी विचारलं, बरं झालं."

"हो," मी म्हणालो. "पुढे बोलावलं होतं."

"त्यात काय लिवलंय? वाचा ना."

कागद इंग्रजीत होता. त्यावर लिहिलं होतं की के. भोर यांनी तीन दिवस हजेरी लावली. आडनावही त्यांना धड छापता आलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. श्री. काशिनाथ भोईर यांचा अनुभव सर्वांना मार्गदर्शक ठरला. त्यांनी विचारलेला प्रश्न शिबिरातला सर्वोत्तम प्रश्न होता. वाचता वाचता मी आणखी दोन वाक्यं घातली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. अंगणात सुंभ ओढायचा आवाज थांबला होता.

भोईर मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"घरी तुमच्या मंडळींना पण असंच सांगून ठेवा," ते म्हणाले. "दोघी बाजारात भेटतात."

मी घरी आलो आणि सांगितलं. पुढे बोलावलं, जवळ बसवलं, सगळं. बायकोनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"एवढं कौतुक झालं," ती म्हणाली, "मग तुम्ही लोकांनी त्यांना काढलं कशाला?"

मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.