परीक्षेपुरता अबोला

समाजकार्य विभागाच्या वार्षिक अहवालात पुढील विधान ठळक अक्षरांत छापले आहे: ‘द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने केलेल्या शास्त्रशुद्ध हस्तक्षेपामुळे दोन सख्ख्या भावांमधील प्रदीर्घ अबोला संपुष्टात येऊन संवाद पूर्ववत झाला.’ या विधानातले शुद्धलेखन बिनचूक आहे. त्याच्या बाजूने एवढेच बोलता येते. हस्तक्षेप झाला, हे खरे. अबोला संपला, हेही खरे. फक्त तो कधी संपला, कशाने संपला आणि त्यानंतर त्याचे काय झाले, एवढे किरकोळ तपशील अहवालाने गाळले आहेत.

विद्यार्थिनी संसार सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेत होती. एका रुग्णालयात समाजसेविकेची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, यंदा पदवी मिळण्याच्या अटीवर. आणि सासूबाईंनी घर बघायचे कबूल केले होते, नापास झाल्यास पुन्हा शिक्षणाचे नाव काढायचे नाही या अटीवर. “लोकांची भांडणं मिटवायला पदवी लागते, हे आम्हाला ठाऊक असतं तर आम्हीही शिकलो असतो,” असे त्या भाजी निवडता निवडता म्हणत.

विभागाने तिला प्रात्यक्षिकासाठी एक शिंपी नेमून दिला. त्याच्या शेजारच्याच गाळ्यात धाकटा भाऊ घड्याळे दुरुस्त करी. मध्ये पातळ फळीची भिंत आणि बऱ्याच वर्षांचा अबोला. कारण असे की, धाकट्याच्या लग्नात थोरल्याने शिवलेल्या कोटाची एक बाही आखूड निघाली आणि नवरदेवाने ते सासरच्या मंडळींदेखत बोलून दाखवले. बाही बरोबरच आहे, हात लांब आहे, असा थोरल्याचा खुलासा होता. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. त्यांच्या बायका मात्र मागच्या दाराने सुखेनैव बोलत; नवऱ्यांचा अबोला हा त्या जावाजावांचा सर्वांत आवडता विषय होता.

पहिल्या भेटीत विद्यार्थिनी पुस्तकाला स्मरून बसली. ज्याला मदत करायची त्याने उच्चारलेली भावना त्यालाच परत सांगावी, म्हणजे आपले कोणी ऐकते आहे असे त्याला वाटते, असे शास्त्र आहे.

“भाऊ बोलत नाही. वाईट वाटतं कधी कधी,” शिंपी म्हणाला.

“म्हणजे भाऊ बोलत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतं.”

“तेच म्हणालो मी.”

“आपण तेच म्हणालो, असं तुम्हाला वाटतंय.”

शिंप्याने मशीन थांबवले. कात्रीच्या मुठीने त्याने फळीवर ठोकले. “अरे, जरा इकडे ये. ही बाई मी बोलतो तेच मलाच ऐकवतेय. तुला काही उमगतंय का बघ.”

धाकटा डोळ्याला लावलेले भिंग न काढताच आला, त्याच भिंगातून त्याने तिला न्याहाळले आणि ही विमेवाली आहे का, असे थोरल्याला विचारले. मग दोघांनी मिळून चहा मागवला. वर्षानुवर्षांची कोंडी एका समान संकटासमोर फुटली होती.

तिने हर्षभराने मार्गदर्शक मॅडमना सांगितले. मॅडमचा चेहरा उतरला. अभ्यासक्रमात आधी अध्ययन, मग निदान, मग उपचार. पहिल्याच भेटीत माणसे बरी होऊ लागली तर पुढची प्रकरणे कशाला लिहिली आहेत, असा त्यांचा सवाल होता. विभागाकडे दुसरा कोणी दुःखी आता शिल्लक नव्हता. सगळे विद्यार्थ्यांना वाटून झाले होते. महिनाअखेरीस मॅडम स्वतः पाहणीला येणार होत्या. तेव्हा समस्या जागेवर दिसली नाही, तर वर्ष वाया.

विद्यार्थिनीने भावांपुढे हात जोडले. मॅडम येऊन जाईपर्यंत बोलू नका, एवढीच तिची मागणी होती. धाकट्याला हे काही पटेना, पण थोरला विरघळला. “एवढी वर्षं उगीचच बोललो नाही. आता ताईंच्या परीक्षेसाठी नाही बोललो तर तेवढंच सत्कारणी लागेल,” तो म्हणाला.

मॅडम आल्या तेव्हा देखावा उत्तम होता. अलीकडे मशीन खडखडत होते, पलीकडे शुकशुकाट. मॅडमनी भांडणाचे मूळ विचारले. थोरल्याने, ताईंची बाजू भक्कम व्हावी या सद्हेतूने, बाहीची हकीकत रंगवून सांगितली. आणि भूमिकेत शिरलेल्या माणसाला थांबणे कठीण जाते, म्हणून धाकट्याचे हात जन्मापासूनच गुडघ्यापर्यंत होते, अशी पदरची भरही घातली.

फळी पातळ होती. धाकटा आत आला तो अस्तन्या वर सारूनच. “टेप काढ,” तो म्हणाला. “आत्ता मोज. यांच्यासमोर मोज.”

थोरल्याने गळ्यातली टेप ओढली. उजवा हात मोजला, डावा मोजला, टेप कुठून धरायची यावर शब्दाला शब्द लागला. मग आईने जास्त लाड कोणाचे केले, हा प्रश्न निघाला, आणि वडिलांच्या आजारपणात कोण जागले, हाही. विद्यार्थिनी डोळ्यांनी खुणा करून थकली. मॅडम मात्र एकेक गोष्ट भक्तिभावाने टिपून घेत होत्या: प्रत्यक्ष स्पर्श, नजरानजर, बालपणीच्या आठवणींना उजाळा.

“बघितलंस?” त्या तिच्या कानात कुजबुजल्या. “मोकळे होतायत.”

त्या संध्याकाळी धाकट्याने आपले टेबल फिरवून फळीकडे पाठ केली. आईचा विषय निघाल्यामुळे यावेळी जावाही आपापल्या नवऱ्यांच्या बाजूने उतरल्या आणि मागच्या दाराला आतून कडी लागली. पूर्वीचा अबोला बाहीचा होता. हा मनापासूनचा होता. विभागाने अहवाल छापखान्यात धाडला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकरण कौतुकाने चाळले. मॅडमनी गुण देऊन टाकले होते. त्यावर परीक्षकांची सही तेवढी उरली होती. सही करता करता, निव्वळ कुतूहल म्हणून, त्यांनी विचारले की या यशात तुमचा स्वतःचा हस्तक्षेप नेमका कोणता. मॅडमनी ‘सांग’ अशी मान डोलावली. पुस्तकातली चार वाक्ये विद्यार्थिनीला तोंडपाठ होती. रुग्णालयातली जागा त्या चार वाक्यांच्या पलीकडे उभी होती, सासूबाईही उभ्या होत्या. ती वाक्ये बाजूला ठेवून ती जे बोलली, ते जसेच्या तसे असे:

“सर, पहिल्याच भेटीत मी त्यांना असह्य झाले, म्हणून ते एकमेकांशी बोलायला लागले. मग मॅडमना दाखवायला समस्या हवी, म्हणून मीच हात जोडून त्यांच्याकडून परीक्षेपुरता अबोला मागून घेतला. आता ते दोघं बोलत नाहीत, त्यांच्या बायका बोलत नाहीत. काल मी माफी मागायला गेले होते. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालंय, सर. माझ्याशी कोणीच बोलत नाही.”