दिगंतयानातलं बारसं

कुठलीही गोष्ट पहिल्यांदा घडते तेव्हाच ती नीट घडते आणि त्यानंतर तिला उतरती कळा लागते, हे सत्य मानवजातीला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. मात्र त्यावर घटना, नियमावली आणि वार्षिक स्नेहमेळावा उभा करण्याचं श्रेय मुलुंड पूर्वेच्या नंदकिशोर टिपणीस यांनाच द्यावं लागेल.

‘दिगंतयान’ ही विज्ञानमालिका नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. तिचं यान मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये उभं केलं होतं, परग्रह गोराईच्या किनाऱ्यावर होता आणि परग्रहवासीयांची राजधानी म्हणून लांबून माहुलच्या कारखान्यांच्या चिमण्या दाखवल्या होत्या (त्या आधीपासूनच तशा दिसत असल्यामुळे वेगळी तयारी करावी लागली नाही). पुढे वाहिन्या वाढल्या, लोकांची हाव वाढली आणि ‘दिगंतयान : परतीचा प्रवास’, ‘दिगंतयान : कप्तानाचं बालपण’ अशा उपमालिका निघाल्या. पहिल्या उपमालिकेची जाहिरात आली त्याच संध्याकाळी नंदकिशोरांनी ‘मूळ दिगंतयान प्रेक्षक मंडळ’ स्थापन केलं. त्यांची बायको सुहासिनी तेव्हा म्हणाली होती की आधी बघून तरी घ्या. पण बघून मत बनवायला काय, कोणीही बनवतं.

मूळ मालिका श्रेष्ठ का, याची कारणं मंडळाने शास्त्रीय पद्धतीने मांडलेली आहेत. मूळ मालिकेत कप्तान तरातरा चालला की यानाच्या भिंती हलतात. अंतराळात भिंती हलणारच. उपमालिकांमध्ये त्या हलत नाहीत, म्हणजे त्या काढणाऱ्यांचा अंतराळाशी काडीचाही संबंध नाही. मूळ कप्तान संकटाच्या क्षणी बराच वेळ गप्प राहून मग बोलतो (त्याला संवाद आठवत नसत असा एक प्रवाद आहे, तो मंडळाने एकमताने फेटाळला आहे). नवे कप्तान ताडताड बोलतात, यावरून ते विचार करत नाहीत हे उघड आहे. शिवाय मूळ मालिका लागली की हमखास वीज जायची आणि पुढे काय झालं असेल ते प्रेक्षकाला स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागायचं. आता सगळे भाग एका दमात बघता येतात आणि डोकं गंजतं. मंडळाने घेतलेल्या पाहणीत शंभर टक्के सभासदांनी उपमालिका टाकाऊ ठरवल्या. त्यांच्यापैकी एकानेही त्या पाहिलेल्या नव्हत्या, कारण नियम चारप्रमाणे उपमालिकेचा एक जरी भाग पाहिला तरी सभासदत्व आपोआप संपतं. मत शुद्ध ठेवण्याची इतकी चोख व्यवस्था मोठमोठ्या पक्षांनाही जमलेली नाही.

मंडळाकडे मालिकेची एकमेव प्रत होती : नंदकिशोरांनी घरी व्हीसीआरवर भरून घेतलेल्या कॅसेटी. त्यातला नववा भाग हा मंडळाचा जीव की प्राण. या भागात कप्तान एका अनोळखी यानात शिरतो, एका बंद दारापाशी येतो, बराच वेळ गप्प राहतो आणि दार ढकलतो. दार उघडतं, आणि समोर मुलुंडचं बारसं सुरू असतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं. नंदकिशोरांच्या मुलीचं, गार्गीचं, बारसं होतं. व्हिडिओवाल्याकडची कॅसेट संपली. सुहासिनीने टीव्हीखालची दिसली ती उचलून दिली. त्यामुळे नवव्या भागाच्या मधोमध हिरव्या साडीतली सुहासिनी येते, पाळणा येतो, बायकांचा कलकलाट येतो, वसुधाआत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकते, मागून बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात, आणि तेवढ्यात चित्राबाहेरून एक पुरुषी आवाज कडाडतो, “अगं, माझी कॅसेट! बंद कर रे ते!” लगेच पुन्हा कप्तान दिसतो. तो दारातून बाहेर येत असतो आणि डोळे पुसत असतो.

पहिल्या मेळाव्यात हा भाग दाखवला तेव्हा मंडळी हसली. दुसऱ्या वर्षी हसली नाहीत. मग नव्या पिढीचे सभासद आले. त्यांनी नववा भाग फक्त असाच पाहिला होता. अनोळखी यानात शिरलेल्या माणसाला शेवटी काय दिसतं? तर पाळणा. मंडळाचे चिटणीस सुबोध यांनी यावर निबंध वाचला आणि सभागृहात सुतकी शांतता पसरली. हळूहळू प्रथा पडली, की बारसं सुरू झालं की सगळ्यांनी उभं राहायचं, घुगऱ्या वाटायच्या, आणि शेवटी एका सुरात म्हणायचं, “अगं, माझी कॅसेट! बंद कर रे ते!” काही सभासदांच्या डोळ्यांत या वाक्याला दरवर्षी पाणी येतं. मूळचे मालवणचे काशीराम तर घुगऱ्या स्वतः घरून शिजवून आणतात. “घुगऱ्यांशिवाय यान उडूचा नाय,” असं त्यांचं म्हणणं. ते वाक्य मंडळाच्या बोधचिन्हाखाली छापलेलं आहे.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना यंदा दोन संकटं एकाच आठवड्यात आली. एका वाहिनीने मूळ मालिका अडगळीतून शोधून, धुऊनपुसून, अखंड स्वरूपात पुन्हा दाखवायला घेतली. आणि त्याच वाहिनीवर एक नवी उपमालिका सुरू झाली, ‘दिगंतयान : दाराआड’. लेखिका : गार्गी टिपणीस.

गार्गी मुलुंडला आली ती शनिवारी दुपारी, जेवायच्या वेळेला. नंदकिशोर उद्याच्या मेळाव्यातला ‘दाराआड’विरुद्धचा निषेध-ठराव वाचत बसले होते.

“बाबा, एक भाग बघ ना. पहिलाच बघ.”

“नियम आहे, गार्गी.”

“नियम तूच लिहिलायस!”

“म्हणूनच तर मोडता येत नाही ना!” नंदकिशोर म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते समासात लिहून ठेवलं.

गार्गीने ताटातली पोळी तशीच ठेवली. “हे बघ, बघून शिव्या घाल. कितीही घाल, मी ऐकून घेईन. पण न बघता उद्या त्या ठरावावर सही केलीस ना, तर मी काय करते, काय लिहिते, यातलं एक अक्षर तुला परत कधी सांगणार नाही. खरंच नाही सांगणार.”

ती गेल्यावर सुहासिनी म्हणाली, “हट्टी आहे. कोणावर गेलीय कोण जाणे.” नंदकिशोरांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पण एका बाजूला एक मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूला सबंध मंडळ, ज्यात ते बोलायला उठले की लोक गप्प बसत. घरात ही सोय नव्हती.

रविवारी सोसायटीच्या सभागृहात मेळावा भरला. विषयपत्रिकेवर पहिला विषय होता, वाहिनीने दाखवलेल्या अखंड नवव्या भागाचं सामूहिक दर्शन. ही मूळ मालिकाच असल्यामुळे नियम आड येत नव्हता. कप्तान दारापाशी आला, गप्प राहिला. सभासद उभे राहिले. काशीरामांनी घुगऱ्यांचं पातेलं उघडलं. कप्तानाने दार ढकललं.

आत एक टेबल होतं. टेबलामागे चष्मा लावलेले एक परग्रहवासी अधिकारी बसले होते. त्यांनी कप्तानाला खुर्ची दिली आणि भिंतीवरच्या तक्त्यावर काठी ठेवून इंधन बचतीचे फायदे समजावून सांगायला सुरुवात केली. ते बराच वेळ समजावत राहिले. चित्रीकरणातल्या दिव्यांची झळ लागत असावी, कारण शेवटी कप्तान दारातून बाहेर आला आणि त्याने डोळ्यांत उतरलेला घाम पुसला.

कोणीच बसलं नाही. घुगऱ्या वाटाव्यात की नाहीत, हे काशीरामांना कळेना.

“काका, हे एआयने घुसवलंय,” शौनक म्हणाला. तो मंडळाचा सगळ्यात तरुण सभासद. “सरळ दिसतंय ना यार! पाळणा काढून तिथे हा टेबलवाला टाकलाय. वाट लावली!”

सुबोधांनी नियमावली चाळली आणि पुढच्या काही वेळात मराठी माणसाची तर्कशक्ती कुठवर जाऊ शकते ते मुलुंडने पाहिलं. मूळ म्हणजे जे आपण पहिल्यांदा पाहिलं आणि ज्यावर आपण प्रेम केलं, अशी नियम एकमध्ये व्याख्या होती. बहुसंख्य सभासदांनी पहिल्यांदा कॅसेट पाहिली होती. त्याअर्थी कॅसेट हीच मूळ मालिका. त्याअर्थी त्या काळी टीव्हीवर जी लागली ती पहिली उपमालिका, आणि तीही सुमार. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. (आत्ताच उपमालिका पाहिल्यामुळे सर्वांचं सभासदत्व संपलं होतं. ते अजाणता पाहिल्याबद्दल माफी देऊन लगेच बहाल करण्यात आलं.) आता मूळ मालिकेतला सर्वोत्तम प्रसंग कोणामुळे घडला, हा प्रश्न आला. त्याचं उत्तर तिसऱ्या रांगेत बसलं होतं. सुहासिनीला व्यासपीठावर बोलावून मूळ दिग्दर्शिका म्हणून शाल आणि नारळ देण्यात आला.

“अहो, मी फक्त हाताला लागली ती कॅसेट दिली,” ती म्हणाली. एवढ्या मोठ्या कलावंताचा हा साधेपणा पाहून काही जण गहिवरले.

मग निषेध-ठराव आला. सुबोध वाचू लागले, “‘दाराआड’ या उपमालिकेत नायिका बंद दार ढकलते आणि आत पाळणा असतो, बारसं चाललेलं असतं, असं ऐकिवात आहे.” (‘ऐकिवात’ हा शब्द वाचताना सुबोधांचे कान लाल झाले. मंडळाने तिकडे पाहिलं नाही.) “हा प्रसंग आमच्या मूळ मालिकेतून उघड उघड चोरलेला असून, लेखिकेचा त्या बारशाशी काय संबंध, असा आमचा सवाल आहे. अध्यक्षांनी सही करावी.”

सगळ्यांनी मान डोलावली. त्या बारशाशी लेखिकेचा काय संबंध, हे ठाऊक असलेली सभागृहात दोनच माणसं शुद्धीवर होती. त्यातलं एक व्यासपीठावर नारळ धरून उभं होतं आणि दुसऱ्याकडे एकटक बघत होतं.

नंदकिशोरांनी पेन उघडलं. बंद केलं. मूळ कप्तानासारखे ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी बघून येतो.”

“काय बघून येता?” सुबोधांनी विचारलं.

“मालिका.”

“साहेब, नियम चार!”

“मीच लिहिलाय,” नंदकिशोर म्हणाले आणि चपला शोधू लागले.

घरी येऊन त्यांनी बायकोकडून टॅब कसा चालू करतात ते शिकून घेतलं. भिंती हलत नव्हत्या, हे त्यांनी लगेच टिपलं. नायिका ताडताड बोलत होती. मग दार आलं. तिने ते ढकललं. हिरव्या साडीतली बाई होती. बायकांचा कलकलाट होता. आत्या वाकली, धपाटे पडले आणि सवयीने नंदकिशोरांचे ओठ पुढच्या वाक्यासाठी उघडले. पण वाक्य आलंच नाही. त्याऐवजी कोपऱ्यातून चष्मा लावलेला एक सडपातळ तरुण आला आणि पाळण्यापाशी उभा राहिला. तो काही बोलला नाही. बाळाकडे बघत राहिला, प्रसंग संपेपर्यंत.

नंदकिशोरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग गार्गीला फोन लावला.

“भिंती हलत नाहीत गं तुमच्या.”

“बघितलंस?”

“आणि तो माणूस. तो तिथे नव्हता गं. तो कॅसेटीसाठी ओरडत होता.”

“माहितीये बाबा. म्हणून तर लिहिला.”

“मूळपेक्षा बराय का?” गार्गीने विचारलं.

“हो,” नंदकिशोर म्हणाले. आयुष्यात उपमालिकेबद्दल त्यांनी उच्चारलेला हा पहिला चांगला शब्द. नियम चार तर आधीच लागू झाला होता.

मंडळ आता सुबोध चालवतात. घुगऱ्या अजून होतात, पण जुने सभासद खासगीत सांगतात, की नंदकिशोरांच्या काळातली मजा राहिली नाही, हे मंडळ म्हणजे मूळ मंडळाची भ्रष्ट आवृत्ती आहे. सभासदसंख्या मात्र वाढते आहे. प्रवेशाची अट जुनीच : घरच्या माणसाने हौसेने केलेलं काही बघायला पाठवलं, तर ते न उघडताच त्यावर मत देता यायला हवं. गेल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला ‘बघ ना’ म्हणून काही पाठवलं होतं. ते न उघडताच तुम्ही त्याखाली अंगठ्याचा इमोजी चिकटवलात आणि पुढे गेलात. तेव्हा तुम्ही वेगळा अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव मंडळाने केव्हाच घेतलेलं आहे.