बारा घरांची किल्ली

रोज सकाळी सात वाजता नाना आमच्या फाटकाशी येतात आणि विचारतात, "शब्द जागेवर?"

मी इकडेतिकडे बघून त्यांच्या कानात "स्पून" म्हणतो. मग ते पुढच्या घरी जातात.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची काळजी निवृत्तीबरोबर संपली, म्हणून त्यांनी नवी पैदा केली. संगणकावरची चित्रं जमवायची! चित्र कुणीही बघावं, पण मालक कोण याची नोंद ब्लॉकचेनवर. "चित्राचा सातबाराच समजा. तलाठ्यालाही खोडता येत नाही!" हे सांगतानाही त्यांचा चेहरा गाडी चुकलेल्या प्रवाशासारखा असतो.

त्या खात्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. एक जरी हरवला तरी चित्रं कायमची कुलपात. नानांनी ते कॉलनीतल्या बारा घरांत वाटून टाकले. "कागद चोरीला जातो, शेजारी जात नाही." माझ्या वाट्याला नेमका चमचा यावा, याचा मला अजून राग आहे.

मागच्या महिन्यात त्यांचा मोबाइल बादलीत पडला. नव्या मोबाइलवर खातं उघडायला बाराही शब्द हवेत, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. एकेक जण स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजून आला. अकरा झाले. कोपऱ्यावरच्या अक्का तेवढ्या पदर चावत बसलेल्या. या बाई रोज ओट्यावरूनच "शे, शे!" म्हणजे आहे, आहे, असं सांगून नानांना वाटेला लावायच्या.

"नाना, तो शब्द मी पापडना डबाना बुडले लिखाडेल व्हता. डबा तं मनी पोरना घर अमळनेरले गया!"

नानांनी मोबाइल पालथा ठेवला.

"जाऊ द्या हो, चित्रंच ती," मी म्हणालो.

"चित्रं नाहीत. आमचा प्रशांत आहे तो."

प्रशांत म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्यात संगणकावर चित्रं काढतो. "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" असं नाना एकदा म्हणाले, तेव्हापासून बोलणं बंद. नाना टीव्हीवर लावून आम्हाला दाखवायचे ती झाडून सगळी चित्रं त्याचीच निघाली. नाना खोट्या नावानं ती विकत घ्यायचे, आणि त्या अनोळखी गिऱ्हाइकाला प्रशांत निरोप पाठवायचा. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

अमळनेरला फोन लावला. अक्कांच्या लेकीनं पापड परातीत ओतले, डबा उलटा केला आणि बुडावरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं. खातं उघडलं. आत निरोप होता.

"साहेब, या वेळचं चित्र विकायचं नाही. स्टँडवर माइक धरून उभे असलेले माझे वडील आहेत. त्यांना द्यायचंय, पण हिंमत होत नाही. तुम्हाला माझी चित्रं कळतात, म्हणून विचारतो. काय करू?"

नानांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काय लिहू हो?"

"लिहा, घरी ये."

त्यांनी दोन शब्द टाइप केले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि खाली नाव कुणाचं घालू?"