सासरेबुवांनी धुतलेलं न्यासालँड

डॉक्टर दवाखान्यातून घरी आले तेव्हा बाल्कनीतल्या दोरीवर न्यासालँड वाळत होतं.

हे डॉक्टर दातांचे. पण दात हा पोटापाण्याचा उद्योग. जीव जडला होता तो आफ्रिकेतल्या या जुन्या वसाहतीच्या टपालावर. त्या देशानं स्वतंत्र होऊन नाव बदललं, तरी डॉक्टरांच्या कपाटात न्यासालँडचा कारभार सुरळीत चालू होता. नुसत्या तिकिटांचं त्यांना कौतुक नव्हतं. त्यांना हवा असायचा टपालाचा शिक्का, अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला. म्हणून पाकीट अख्खं ठेवायचं, त्याला कात्री लावायची नाही, हा या छंदाचा पहिला नियम.

हा नियम सासऱ्यांना कोणी सांगितला नव्हता. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे अण्णा, लेकीकडे आठवडाभर राहायला आलेले. रिकामं बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दारांच्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, पंखे पुसून झाले, आणि मग त्यांना टेबलावर प्रदर्शनासाठी काढून ठेवलेली पाकिटं दिसली. एवढी तिकिटं जमवली, पण सोडवायला बिचाऱ्या जावयाला वेळच मिळाला नाही, असं वाटून त्यांना भरून आलं. लहानपणी करायचे तसंच त्यांनी केलं. तिकिटं कापली, बादलीत भिजवली, साबणाच्या हातानं हलकेच चोळली आणि चिमटे लावून टांगली.

"अण्णा, पाकिटं कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती मळकी? कचऱ्याच्या गाडीत दिली. सगळी लिहिलेलीच होती हो, जावईबापू."

डॉक्टर मटकन खाली बसले. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला, तर पाणी बघूनच त्यांच्या अंगावर काटा आला. त्या गठ्ठ्यात तळ्याकाठच्या एका टपाल कचेरीचं पाकीट होतं. उघडली न उघडली तोच बंद पडलेली ती कचेरी. तिचा शिक्का बघायला लोक लांबून यायचे. त्या एका पाकिटापायीच संग्राहक मंडळानं डॉक्टरांना अध्यक्ष केलं होतं. आता परवाच्या प्रदर्शनात कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

तेवढ्यात बेल वाजली. प्रदर्शनाचे परीक्षक तेच पाकीट निवांत बघायला आले होते. ते अस्सल असल्याचा निर्वाळा भर सभेत त्यांनीच दिला होता. घडलेलं ऐकून त्यांचा आ वासला तो मिटेना. डॉक्टरांना सवयीनं त्यांची अक्कलदाढ दिसली.

अण्णांना आता फार अपराधी वाटू लागलं. जावयाला थोडा तरी धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "सगळंच काही वाया गेलं नाही. बाकीच्यांचे काळे डाग साबणानंही निघाले नाहीत. पण हे एक बघा, जांभळा डाग होता, पाण्यात घातल्याबरोबर गेला. कसं नवंकोरं झालंय."

ते तळ्याकाठच्या कचेरीचंच तिकीट होतं.

परीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला. टपालाची जुनी शाई तेलकट असते, ती अशी पाण्यानं जात नाही, एवढं ते पुटपुटले. म्हणजे तो शिक्का कुणीतरी हल्लीच घरी बसून मारलेला.

"तुम्हीच अस्सल म्हणाला होतात," डॉक्टर हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही त्यावर अध्यक्ष झालात."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी एकदमच अण्णांकडे बघितलं.

"साबण कोणता होता?" परीक्षकांनी विचारलं.

"साधाच. अंगाचा."

"साधा नसणार," परीक्षक ठामपणे म्हणाले. "फार जहाल असणार."

मुख्याध्यापकाला असत्य खपेना. ते तोंड उघडणार तोच लेकीनं डोळे वटारले. "असेल," अण्णा म्हणाले, "जहाल असेल."

प्रदर्शनात मधोमध एक रिकामी चौकट लागली. खाली लिहिलं होतं, 'घरगुती अपघातात नष्ट झालेला अमूल्य नमुना'. एवढी गर्दी त्या खऱ्याखोट्या पाकिटापुढे कधी झाली नव्हती. लोक हळहळत होते, अध्यक्षांचे हात हातात घेत होते, आणि चौकटीशेजारी उभे राहून अण्णा प्रत्येकाला बादलीची हकीकत पहिल्यापासून सांगत होते. सुवर्णपदक परीक्षकांनी त्याच चौकटीला दिलं. जी पाकिटं शंभर नंबरी खरी होती, त्यांचे अर्धे शिक्के घरी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिले. डॉक्टर मनातल्या मनात त्यांच्यासाठीच रडले, पण त्यांची चौकशी कुणी केली नाही.

पदक देऊन परीक्षक निघाले, तर अण्णांनी त्यांना गाठलं.

"तुमच्याकडेही तसलाच एक जांभळा शिक्का आहे म्हणे. आणा की एकदा, भिजवून बघू."

परीक्षकांनी विचारलं, "आपण गावी कधी परतणार?"

"ठरवलं नाही अजून," अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. "आता इथं करमायला लागलंय."

परीक्षक तडक घरी गेले. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, आणि घरातली एकुलती एक बादली उचलून माळ्यावर टाकली.